सभासद शोध

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत
खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान, वर आमचं ऑफिस.
वार्निशचा वास जिन्यानं चढून येतो
आणि माझ्या वाक्यांना लागतो.

मी साधनांची माहिती लिहिते.
माणसांसाठी नव्हे, त्या एजंटसाठी,
ज्याला डोळे नाहीत,
आणि जो माझं मराठी
माझ्या सख्ख्या भावापेक्षा लक्ष देऊन वाचतो.

आजचं साधन : सभासद शोध.
पतसंस्थेचे एकेचाळीस हजार सभासद.
काय घेतं : नाव, गाव, मोबाईल, यांतलं काहीही एक.
काय देतं : यादी. एका वेळी दहा.
एवढं लिहून झालं चहा निवायच्या आत.

मग 'बाजीराव खोत' टाकून बघितलं.
अकरा निघाले.
चौघे एकाच गावचे, दोघांचा मोबाईल एकच.
दहा दाखवून साधन गप्प.
अकरावा बाजीराव पुढच्या पानावर,
नाव पुकारतील म्हणून बाकावर बसलेला.
लिहिलं : दहा आले म्हणजे संपले असे समजू नये.

हिंदुराव चौगुले दर बुधवारी येतात,
संस्थेचे जुने क्लार्क,
निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी
आमच्या चुका मोजायला.
पडद्याकडं वाकून म्हणाले,
"यातला कुठला? गुऱ्हाळाचा, तालमीतला,
का म्हशीनं पाडलेला?"
म्हटलं, काका, तसा रकाना नाही.
"मग हे माणूस हुडकत न्हाई पोरी,
अक्षरं हुडकतंय."

तेही लिहिलं. जसंच्या तसं :
हे साधन अक्षरे शोधते.

मग खुर्ची ओढून त्यांनी सांगितलं,
न विचारता, चष्मा पुसत.
नोकरीचं दुसरं वर्ष. आक्काताई मगदूम.
दोघी होत्या त्या नावाच्या, एकाच गावच्या, वरली आळी नि खालली आळी.
वरलीची ठेव पिकली,
निरोप गेला खाललीला.
आली, अंगठा दिला, पैसे पदरात बांधले,
कुणाचे म्हणून विचारलं नाही.
तिला वाटलं, पुण्याला गेलेल्या पोरानं
शेवटी पाठवले.
"आठ दिसांनी परत मागाया मीच गेलो.
तिनं पत्र्याच्या नव्या डब्यातनं काढून दिलं.
साडेचारशे. त्यातलं चाळीस खर्चल्यालं,
डब्याचं धरून.
ते मी घातलं."

थोडा वेळ खालच्या दुकानातली
तार गुंडाळण्याची घरघर तेवढी ऐकू आली.

मी लिहिलं :
एकाहून अधिक सापडल्यास अंदाज करू नये. विचारावे.
खाली उदाहरण म्हणून
डबा लिहिला, चाळीस रुपये लिहिले.
तपासणाऱ्या शर्वरीनं ते काढलं.
लांब होतंय म्हणाली, आणि खरंच होत होतं.
नियम राहिला.

संध्याकाळी चाचणी घेतली.
विचारलं : आक्काताई मगदूम यांची शिल्लक किती?
एजंटनं उलट विचारलं :
या नावाच्या तीन सभासद आहेत. आपल्याला कोणत्या हव्यात?

हिंदुरावांनी ते दोनदा वाचलं,
ओठ हलवत.
"एवढंच हुतं की," म्हणाले.
"एवढंच इचारायचं हुतं."

मग जरा थांबून,
"खालल्या आळीची बघ, त्यात हाय का?"

गाव टाकलं. आळी टाकता येत नाही.
नाव थोडं बदलून टाकलं, अक्काताई, आकाताई.
रिकामी यादी.
दुपारीच मी लिहिलं होतं,
रिकामी यादी ही चूक नव्हे.
ते त्यांना वाचून दाखवायचं धाडस झालं नाही.

ते उतरून गेले, कठडा धरून, एकेक पायरी.
मी कोड उघडून बघितलं :
खातं बंद झालं की माणूस
या शोधात येतच नाही.
हे कुणी कुठं लिहिलं नव्हतं.

दिवे घालवायच्या आधी
शेवटची ओळ घातली, वार्निशच्या वासासकट :
जे सापडले नाहीत ते नव्हतेच,
असे कोणालाही सांगू नये.